कस्टमरची ‘ग्रीन’ शीट आली, आता काय? मराठवाड्यातल्या छोट्या वेंडरसाठी पहिल्या पायऱ्या

कस्टमरच्या पर्चेसकडून एक एक्सेल शीट येते. तीस-चाळीस प्रश्न आणि आठ दिवसांची मुदत. वर्षाला वीज किती, पाणी किती, घातक कचरा कुठे जातो, कार्बन उत्सर्जन किती, तुमच्या सप्लायरची तपासणी करता का. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या एमआयडीसीतल्या वीस-तीस माणसांच्या शॉपमध्ये ही शीट आधी मालकाकडे जाते, मग अकाउंटंटकडे आणि शेवटी क्वालिटी किंवा स्टोअरला नुकत्याच लागलेल्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या टेबलावर येऊन थांबते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

ही विचारणा आताच का वाढली, ते थोडक्यात समजून घ्या. शेअर बाजारात नोंदलेल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना सेबीने, म्हणजे बाजाराच्या नियामक संस्थेने, २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्या अहवालासाठी उत्सर्जनाचे तीन भाग पाडतात. कंपनीने स्वतः जाळलेलं इंधन म्हणजे स्कोप एक, विकत घेतलेली वीज म्हणजे स्कोप दोन आणि सप्लायरपासून ग्राहकापर्यंतचं बाकी सगळं स्कोप तीन. तुमच्या शॉपमधली वीज, तुमचं स्टील, तुमच्या हीट ट्रीटमेंटवाल्याची भट्टी हे सगळं कस्टमरच्या स्कोप तीनमध्ये बसतं. दुसरं कारण युरोप. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर युरोपीय संघाने सीमेवरचा कार्बन कर आणला. १ ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती, १ जानेवारी २०२६ पासून तो प्रत्यक्ष लागू झाला. नट, बोल्ट आणि स्क्रू त्या यादीत आहेत. तुमचा कस्टमर असा माल युरोपला पाठवत असेल, तर त्याला तुमच्याकडून खरे आकडे लागणारच.

हिरवी पुरवठा साखळी म्हटलं की लोक झाडं, सोलर आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट इथून सुरुवात करतात. माझा आग्रह वेगळा आहे. माल आपल्या गेटमधून कुठून आला आणि गेटबाहेर कुठे गेला, हे दोन्ही टोकांपर्यंत शोधायचं. आपला त्रास आपल्यापेक्षा लहान माणसाच्या दारात ढकलून आपण स्वच्छ झालो, असं म्हणायचं नाही. खालची प्रत्येक पायरी याच हिशोबाने लिहिली आहे.

पहिली पायरी: एकच पार्ट धरा

पूर्ण कारखान्याचा हिशोब पहिल्याच दिवशी मांडायला गेलात तर महिनाभर आकडेच गोळा करत बसाल. जास्तीत जास्त नग जाणारा एक पार्ट निवडा आणि वही घेऊन त्याच्या मागे फिरा. स्टीलचा बार कुठल्या मिलचा, कुठल्या ट्रेडरकडून आला? कापल्यावर ब्लँकचं, म्हणजे मशीनवर चढण्याआधीच्या तुकड्याचं, वजन किती, तयार पार्टचं किती? हीट ट्रीटमेंट कुठे, प्लेटिंग कुठे, तिथे गाडी कोणाची जाते? पॅकिंग कशात, आणि कस्टमरकडे ते पॅकिंग उघडल्यावर त्याचं काय होतं?

एक उदाहरण मांडून बघू. समजा महिन्याला १०,००० पिन जातात. ब्लँक ५०० ग्रॅमचा, तयार पिन ३५० ग्रॅमची. म्हणजे महिन्याला ५ टन स्टील आत आलं आणि त्यातलं दीड टन चिप्स, म्हणजे मशीनवर निघणारा कीस, होऊन बाहेर गेलं. आपल्या देशात एक टन पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ५ टनांचे झाले साडेबारा टन. मशिनिंगला नगामागे ०.४ युनिट वीज धरा, महिन्याचे ४,००० युनिट. ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे २.८ टन. वाळूज ते शेंद्रा जाऊन-येऊन ६० किलोमीटर, छोट्या हत्तीला ४ लिटर डिझेल, महिन्यात २५ खेपा, एकूण १०० लिटर. लिटरमागे २.६८ किलो धरले तर २६८ किलो.

आता हे तीन आकडे शेजारी ठेवा: साडेबारा टन, २.८ टन आणि पाव टनाच्या थोडंसं वर. चर्चा बहुतेक वेळा गाडीची होते, पण वजन स्टीलमध्ये आहे. तुमच्या पार्टचं गणित वेगळं निघेल. फोर्जिंग, रबर किंवा प्लास्टिक मोल्डिंग असेल तर विजेचा वाटा बदलेल. पण हा तक्ता मांडल्याशिवाय कुठे हात घालायचा ते ठरवू नका.

दुसरी पायरी: ब्लँकमधले ग्रॅम आणि बिनमधलं भंगार

वरच्या उदाहरणात ब्लँक फक्त २० ग्रॅमने कमी केला तर महिन्याला २०० किलो स्टील वाचतं आणि त्यासोबत अर्धा टन कार्बन. म्हणजे सगळ्या गाडीखर्चातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. रुपयांचा हिशोब तुमच्या स्टीलच्या दराने करा आणि मालकासमोर आधी तोच ठेवा.

हे ग्रॅम कुठे सापडतात? फेसिंगला, म्हणजे टोक सपाट करायला, सोडलेलं मटेरियल बघा. जुन्या मशीनवर भीतीपोटी २ मिलिमीटर सोडलेलं असतं आणि नव्या सीएनसीवर काम गेलं तरी ड्रॉइंगमधला आकडा तोच राहतो. पार्ट बारपासून कापून वेगळा करणाऱ्या पार्टिंग टूलची रुंदी बघा. आणि बारचा शेवटचा तुकडा बघा. स्टोअरमध्ये रॅकखाली पडलेले बार-एंड एकदा वजनकाट्यावर चढवले की पुढचं बोलावं लागत नाही. बारची लांबी ब्लँकच्या पटीत मागवता येते का, हे ट्रेडरला विचारा. प्रमाण चांगलं असेल तर तो कापून देतो.

मग भंगार. सगळ्या चिप्स एकाच बिनमध्ये गेल्या की भाव पडतो आणि वितळवणाऱ्यालाही त्यातून चांगलं स्टील काढता येत नाही. अलॉय स्टील, माइल्ड स्टील, कास्ट आयर्न आणि स्टेनलेस यांचे बिन वेगळे ठेवा, त्यांना रंग द्या आणि ऑपरेटरला त्याच्याच मशीनजवळ बिन द्या. शेडच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला बिन कोणी वापरणार नाही. चिप्स निथळू द्या. खाली जाळी आणि ट्रे ठेवला तरी बराच कूलंट (टूल थंड ठेवणारं तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण) परत मिळतो. परवडलं तर चिप्ससाठी सेंट्रिफ्यूज घ्या. तेलाने माखलेल्या चिप्स गाडीतून रस्त्यावर ठिबकत जातात, आणि पावसाळ्यात ते तेल थेट नाल्यात जातं.

आपल्या भागाची एक जमेची बाजू इथे सांगायला हवी. जालन्यात स्क्रॅप वितळवून सळई बनवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत. स्क्रॅपपासून केलेलं पोलाद खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा कार्बनमध्ये बरंच हलकं पडतं. किती हलकं, ते भट्टीच्या विजेवर ठरतं. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली. तयार पोलादाच्या टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच ते हरित, आणि १.६ च्या खाली असेल तर पाच तारे. शेडचं बांधकाम, मशीन फाउंडेशन किंवा फॅब्रिकेशनसाठी सळई किंवा अँगल घेताना मिलला हा आकडा विचारायला सुरुवात करा. इंजिनाच्या पार्टचं अलॉय स्टील मात्र कस्टमरने मंजूर केलेल्या मिलमधूनच येतं, तिथे तुमच्या हातात निवड फारशी नसते. तिथे निदान टेस्ट सर्टिफिकेटवरचा हीट नंबर (स्टील भट्टीच्या कुठल्या घाण्यातलं ते सांगणारा) इनवर्ड रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. उद्या युरोपच्या कराचा प्रश्न आला की त्याच नंबरवरून मागे जाता येतं.

तिसरी पायरी: पाणी

पुण्या-मुंबईहून आलेल्या शीटमध्ये पाण्याला दोन ओळी असतात. आपल्याकडे तो पहिला मुद्दा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने दारूच्या कारखान्यांसह उद्योगांच्या पाण्यात कपात करायला लावली. वाळूजचं पाणी जायकवाडीवर अवलंबून आहे, आणि त्याच धरणावर शहर आणि शेतीही. त्यामुळे शॉपमधलं वाचवलेलं पाणी हा शेजाऱ्याशी नीट वागण्याचा प्रश्न आहे.

मीटर लावा: एमआयडीसीच्या लाइनवर एक, बोअरवर एक. टँकर येत असेल तर खेपा लिहा आणि टँकरवाला पाणी कुठून भरतो तेही विचारा. एखाद्या गावाच्या विहिरीतून उपसून ते तुमच्या शॉपमध्ये येत असेल, तर ते तुमच्या साखळीतलं पाणी आहे.

मशीन शॉपमध्ये पाण्याचा मोठा प्रश्न कूलंटचा. इथल्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. जड पाण्यात कूलंटचं दूध फाटतं, वर तेल तरंगतं, वास मारायला लागतो आणि दीड-दोन महिन्यांत टाकी उपसावी लागते. उन्हाळ्यात भर पडते ती बाष्पीभवनाची. पाणी उडतं, क्षार आणि तेल मागे राहतात, आणि ऑपरेटर वरून पुन्हा बोअरचंच पाणी ओततो. त्यावर उपाय असे: कूलंटसाठी आरओचं पाणी वापरा. वरून भर घालताना नुसतं पाणी न टाकता पातळ मिश्रण टाका. मिश्रण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने रोज सकाळी रीडिंग घेऊन मशीनवर लावलेल्या कार्डावर लिहा. तरंगणारं तेल स्किमरने काढा. आरओतून फेकलं जाणारं पाणी संडास आणि फरशीसाठी वळवा. एवढं केलं की टाकी उपसण्याची वेळ लांबते, आणि घातक कचऱ्यात जाणारं द्रव त्याच प्रमाणात कमी होतं.

चौथी पायरी: जॉबवर्कवाल्याकडे स्वतः जा

जॉबवर्कवाला म्हणजे प्लेटिंगसारखं काम ज्याच्याकडून बाहेर करून घेता तो. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारीही. तुमच्या शॉपमध्ये फरशी चकाचक असेल, पण पार्टवरचं झिंक प्लेटिंग एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये होत असेल, तर तुमच्या पार्टचं सगळ्यात विषारी पाणी तिथे निघतं. ते तुमच्या शीटमध्ये दिसत नाही, कारण तुम्ही फक्त मालाच्या ये-जा करण्याचं चलन बघता.

जाताना तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात जाऊ नका. चहा घ्या, मग लाइन बघा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे का, तिची मुदत कधी संपते, आणि संमतीत लिहिलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम जुळतं का, हे पाहा. सांडपाण्याचं शुद्धीकरण यंत्र (ईटीपी) चालू आहे का? त्यात रसायन सोडणाऱ्या डोझिंग पंपाला हात लावून बघा. पंप चालतोय की वर्षभर बंद आहे, ते लगेच कळतं. तिथला गाळ कुठे जातो, त्याचं मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या खेपेचा कागद, मागा. पिवळा पॅसिव्हेशन (झिंकवरचा संरक्षक थर) करत असतील तर हेक्झाव्हॅलंट क्रोमियम वापरतात का, ते विचारा. ते कर्करोगकारक आहे आणि वाहन उद्योगात त्यावर मोठी बंधनं आहेत. ट्रायव्हॅलंट क्रोमियम हा पर्याय उपलब्ध आहे, फक्त त्याला टाकीतल्या रसायनाचं नियंत्रण जास्त काटेकोर लागतं. ड्रॉइंगवर जुनं स्पेसिफिकेशन असेल तर कस्टमरशी बोलून ते बदलून घेण्याचं काम तुमचं आहे, प्लेटिंगवाल्याचं नाही.

पाण्याची एक सुधारणा तिथल्या तिथे सुचवता येते. पार्ट धुण्याच्या दोन-तीन टाक्या असतात आणि प्रत्येकीत वेगळा नळ सोडलेला असतो. त्याऐवजी ताजं पाणी फक्त शेवटच्या टाकीत सोडायचं, ते ओसंडून मागच्या टाकीत यायचं आणि तिथून त्याच्याही मागच्या टाकीत. पार्ट पुढे जातात, पाणी मागे येतं. धुणं तेवढंच स्वच्छ होतं आणि पाणी कितीतरी कमी लागतं. शिवाय बॅरल किंवा जिग टाकीतून वर काढल्यावर काही सेकंद तिथेच निथळू द्यायचा. रसायन टाकीतच राहतं आणि धुण्याच्या पाण्यात कमी उतरतं. याला खर्च जवळजवळ नाही, कामगाराला नीट समजावून सांगावं लागतं इतकंच.

आता पैशांचं. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. प्लेटिंगवाल्याचं बिल चार-चार महिने अडकवून ठेवायचं आणि वर त्याला ईटीपी चालवायला सांगायचं, हे मला मान्य नाही. त्याच्याकडे रसायनाला पैसे नसतील तर सगळ्यात आधी ईटीपीचं डोझिंग बंद होतं, लाइन बंद होत नाही. वेळेवर पैसे, महिन्याचं शेड्यूल आधी हातात आणि ट्रायव्हॅलंटसाठी किलोमागे थोडा जास्त दर, एवढं तुम्ही दिलंत तर मग तुमच्या मागण्यांना वजन येतं.

पाचवी पायरी: घातक कचरा आणि रिकामे ड्रम

वापरलेलं तेल, तेलाच्या चिंध्या, ईटीपीचा गाळ, रसायनाचे रिकामे ड्रम हे २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहेत. यादीत त्यांना नंबर आहेत: वापरलेलं तेल ५.१, रसायनाचे रिकामे डबे ३३.१, चिंध्या ३३.२, ईटीपीचा गाळ ३५.३. तुमच्या संमतीपत्रात हे नंबर आणि प्रमाण लिहिलेलं असतं, ते काढून वाचा. साठा ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. छप्पर, पक्की फरशी, सांडलेलं अडवणारा कठडा आणि बाहेर फलक लागतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक खेपेचं फॉर्म १० मधलं मॅनिफेस्ट भरायचं, आणि माल घेणाऱ्याची सही झालेली प्रत परत आली की नाही ते बघायचं. वर्षाचं विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत जातं. गेटवर येऊन रोख पैसे देऊन जुनं तेल नेणाऱ्याला हो म्हणू नका. त्याच्याकडे मंडळाची परवानगी नसेल तर ते तेल कुठल्या भट्टीत जळेल, याचा पत्ता लागत नाही.

ड्रमकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी साठवायला निळ्या ड्रमला आणि पांढऱ्या कॅनला फार मागणी असते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल तर कामगार रिकामा कॅन मागणारच, आणि सुपरवायझरला वाटतं की दिला तर बिघडलं काय. त्या कॅनमध्ये ॲसिड, डीग्रीजर किंवा बायोसाइड होतं. दोनदा विसळून ते जात नाही. शॉपमधून निघालेला एकही रसायनाचा ड्रम घरी जाता कामा नये. तोंडी सांगून हे थांबत नाही. रिकामा झाला की झाकण वेगळं करून बाजूला भोक पाडायचं, किंवा सप्लायरकडे परत द्यायचा ठराव करायचा आणि आत आलेले-गेलेले ड्रम मोजायचे. त्याच वेळी मालकाला सांगून कामगारांना फूड ग्रेडचे नवे ड्रम कमी किमतीत मिळवून द्या. गरज खरी आहे, ती नुसती मनाई करून भागत नाही.

पॅकिंग, गाडी, वीज

खोक्यांऐवजी परत येणारे क्रेट वापरायचे असतील तर आधी कस्टमरच्या स्टोअरशी बोला, क्रेट त्यानंतर विकत घ्या. क्रेटवर नंबर, परत येणाऱ्या मालाचा गेट पास आणि महिन्याला एकदा दोघांच्या मोजणीचा मेळ, हे नसेल तर सहा महिन्यांत निम्मे क्रेट कुठे गेले ते कळत नाही. क्रेट धुवायला पाणी लागतं हेही धरा. झाकण असलेला क्रेट घेतला तर धूळ बसत नाही आणि पुसून भागतं. गंज न येण्याची प्लास्टिकची पिशवी पुन्हा वापरता येते का, हे क्वालिटीकडून लेखी घ्या.

गाडीसाठी मिल्क रन सुचवा. शेजारच्या दोन-तीन शॉपचा माल त्याच कस्टमरकडे जात असेल तर एकच आयशर सगळ्यांचा माल उचलू शकते. परतीला क्रेट आणि जॉबवर्कचा माल भरा.

विजेत सगळ्यात स्वस्त सुधारणा कंप्रेसरची. सुट्टीच्या दिवशी सगळ्या मशीन बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालू करा आणि घड्याळ लावा. तो २ मिनिटं लोडवर (हवा भरत) आणि ६ मिनिटं अनलोडवर (नुसता फिरत) राहत असेल, तर ८ पैकी २ मिनिटं, म्हणजे २५ टक्के हवा नुसती गळते आहे. साबणाचं पाणी घेऊन जॉइंट तपासा. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर कमी करा. १ बार उतरवला की ६ ते १० टक्के वीज वाचते. सोलर त्यानंतर. गळक्या कंप्रेसरला सूर्याची वीज पुरवण्यात अर्थ नाही.

बॉयलर असेल तर पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्यांच्या ब्रिकेटचा विचार जरूर करा, कापूस आणि तूर आपल्याकडे भरपूर आहे. जनावरं खातात ते कुटार मात्र भट्टीत घालू नका. दुष्काळाच्या वर्षी त्याच्या मागे लोक गावोगाव हिंडतात.

आता शीट भरा

प्रत्येक आकड्यापुढे एक जादा रकाना घाला: हा आकडा कुठून आला. वीज बिल, मीटर, वजनकाटा, की अंदाज. अंदाज असेल तर तसं लिहा आणि कसा धरला ते लिहा. कस्टमरच्या ऑडिटरला अपुरा पण खरा तक्ता चालतो. सगळ्या रकान्यांत गोल आकडे दिसले की तो खोदायला लागतो. जिथे उत्तर ‘नाही’ आहे तिथे ‘नाही’ लिहा आणि तारखेसह काय करणार ते लिहा.

सर्टिफिकेट हवंच असेल तर केंद्राच्या झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजनेतल्या ब्राँझपासून सुरुवात करा. उद्यम नोंदणी असेल तर तिच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत आहे. पर्यावरण व्यवस्थापनाचं आयएसओ १४००१ कस्टमरने मागितलं की घ्या. तोपर्यंत मीटरच्या आणि मॅनिफेस्टच्या वर्षभराच्या नोंदी हाताशी असतील, आणि कन्सल्टंटला कागद नव्याने तयार करायचे पैसे द्यावे लागणार नाहीत.

पहिल्या पार्टचा तक्ता तीन महिने दर महिन्याला भरा. मग दुसरा पार्ट घ्या, आणि तो निवडताना ज्याचं प्लेटिंग किंवा पेंटिंग बाहेर होतं असाच घ्या.